गणपती घरात आणि विसर्जनाच्या आदल्या दिवशी ओणम, पान कसं वाढू?

नेरूळची_सून
५ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी, मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझं माहेर ठाण्याला नौपाड्यात, सासर मूळचं कन्नूरचं पण सासरे नोकरीला म्हणून इकडे आले ते इकडचेच झाले, नवरा नेरूळमध्येच वाढलाय, भांडताना त्याचं मराठी माझ्यापेक्षा बरं निघतं. लग्नाला सात वर्षं झाली. इतकी वर्षं सोपं होतं, गणपती आईकडे, ओणम सीवूड्सला अम्मांकडे, आम्ही दोन्हीकडे फक्त पाय धुऊन पानावर बसायचो. यंदा बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आईला एकटीला झेपणार नाही, भाऊ परदेशात, म्हणून मूर्ती आमच्याकडे आणायचं ठरलं. गुरुजींना विचारून झालंय, त्यामुळे मुलीकडे गणपती चालतो का हा विषय इथे नको प्लीज.

आता कॅलेंडर बघा. २६ ऑगस्टला हरतालिका, त्याच दिवशी त्यांचं अत्तम, म्हणजे दारात फुलांची रांगोळी घालायला सुरुवात. २७ ला गणपती. ५ सप्टेंबरला तिरुओणम. ६ ला अनंत चतुर्दशी, आमचं विसर्जन. म्हणजे ओणमच्या दिवशी बाप्पा हॉलमध्ये बसलेले असणार. अम्मा म्हणाल्या मग ओणमही तुझ्याकडेच करूया, सगळे एकत्र. मी उत्साहात हो म्हटलं आणि रात्री झोप उडाली.

कारण एक, मासे. कन्नूरकडे ओणमच्या पानावर तळलेला मासा असतोच, चिकनही असतं. सासऱ्यांचं म्हणणं, माशाशिवाय कसलं ओणम. माझ्या आईला हे माहीतच नाही, तिला वाटतं सगळं केरळ ओणमला शुद्ध शाकाहारी असतं. कारण दोन, आमचं किचन. सिडकोची जुनी बिल्डिंग, तीन बर्नरची शेगडी, ओट्यावर एक बाई उभी राहिली की दुसरीने बाहेरून बोलायचं. त्यात आई आणि अम्मा दोघी. कारण तीन, आईचं खोबरेल तेल. ती ते फक्त केसांना लावते आणि वासानेच तिचं डोकं चढतं. कारण चार, नणंद म्हणतेय फ्यूजन करूया, पायसम (त्यांची खीर) भरलेले मोदक.

माणसं चौदा. तुमच्यापैकी कुणी असं दोन्हीकडचं एका घरात केलंय का? काय ठेवलं, काय गाळलं? (श्रावण चालू आहे त्यामुळे नवरा आधीच माशांच्या आठवणीत हळवा झालेला आहे, हे जाता जाता.)

---

घंटाळीची_काकू

अगं मी केलंय, एकोणीस वर्षं करतेय. माझं सासर पालक्काडचं, म्हणजे तुझ्या माशाच्या भानगडीत माझा उपयोग शून्य, आमच्याकडे सगळं शाकाहारीच. पण बाकीचं सांगते.

पहिलं म्हणजे घाबरू नकोस, दोन्ही पानं समोरासमोर ठेवून बघ, निम्म्याहून जास्त तेच आहे. आपण पहिला भात वरण-तूप-लिंबावर कालवतो ना, सद्येतही (सद्या म्हणजे ते जेवण हं, सध्या नव्हे, माझ्या आईने वर्षभर हा घोळ घातला होता) पहिला भात परिप्पु आणि तुपाबरोबरच. परिप्पु म्हणजे वरणच, फक्त मुगाचं. मग सांबार, मग पायसम, मग रसम, शेवटी ताक. आपल्याकडे मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाज्या उजवीकडे, त्यांच्याकडेही लोणचं, चिप्स, गुळाचे तुकडे डाव्या कोपऱ्यात वरती. पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. एवढं पाळलंस की सासूबाई खूश.

अवियल बघ. सुरण, कच्ची केळी, शेवगा, कोहळा, पडवळ, चवळीच्या शेंगा. आणि आपली ऋषीची भाजी बघ. सुरण, पडवळ, भोपळा, अळू, मका. फरक एवढाच की ते ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि जिरं भरड वाटून लावतात, दही घालतात आणि गॅस बंद केल्यावर वरून कच्चं खोबरेल नि कढीपत्ता. फोडणी नाही. माझी आई पहिल्यांदा पातेल्याशी उभी राहून विचारत होती, अगं फोडणी राहिली का, मी म्हटलं आई आपल्या ऋषीच्या भाजीला तरी कुठे घालतेस तू, तेव्हा गप्प झाली. यंदा ऋषिपंचमी २८ ऑगस्टला आहे, त्या दिवशी अम्मांना जेवायला बोलव आणि ती भाजी वाढ, त्या आपोआप म्हणतील हे तर आमचंच. खोबरेलाचं म्हणशील तर ताज्या घाण्याचं आण, डब्यातलं केसांचं तेल आणि ते यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि आईला आधी सांगूच नकोस. नंतर सांग.

कोशिंबिरीला त्यांची किचडी चालते. खिचडी नाही, किचडी. काकडी, दही, खोबरं आणि वाटलेली मोहरी. ओलन म्हणजे कोहळा आणि लाल चवळी नारळाच्या दुधात, अगदी सात्त्विक, आजारी माणसालाही चालेल, तुझ्या बाबांना आवडेल बघ. पुळीइंजी आधी दोन दिवस करून ठेव, आलं-चिंच-गुळाचं असतं, मुरलं की जास्त छान. केळ्याचे चिप्स आणि शर्करावरट्टी (गुळात घोळवलेले केळ्याचे तुकडे) विकत आण, तिथे शूर होऊ नकोस, नेंद्रम केळी तळत बसलीस तर मोदक कोण करणार.

आता प्रधमन, म्हणजे गुळाचं पायसम. इथे माझी फजिती ऐक. पहिल्या वर्षी मी सासूला इम्प्रेस करायला एकटीने अडप्रधमन करायला घेतलं, गूळ वितळवला, अडा (तांदळाच्या पिठाचे वाळवलेले तुकडे) शिजवून घातला, आणि नारळाचं दूध काढायचा कंटाळा म्हणून त्या उकळत्या गुळात सरळ लिटरभर गाईचं दूध ओतलं. दोन मिनिटांत पनीर. बावीस माणसं हॉलमध्ये. नवरा कोपऱ्यावरून श्रीखंड घेऊन आला आणि त्या वर्षी ओणमला श्रीखंड होतं. तर गुळाचं पायसम असेल तर नारळाचंच दूध, आणि तेही तीन वेळा काढलेलं. तिसरं पातळ दूध आधी, त्यात शिजवायचं, मग दुसरं, आणि पहिलं दाट दूध गॅस बंद करून, ते उकळलं की फुटतं. चौदा माणसांना दोनशे ग्रॅम अडा, अर्धा किलोच्या आत-बाहेर गूळ, तीन मोठे नारळ. गाईच्या दुधाचंच करायचं असेल तर पालडा कर, त्यात गूळ नसतो, साखर असते.

आणि नणंदेला सांग पायसमचे मोदक होत नाहीत. सारण कोरडं लागतं. पातळ घातलंस तर चाळणीत मोदकपात्राला आंघोळ.

---

शास्त्रशुद्ध

गणपती घरात असताना ओणम वगैरे कशाला? एक सण एका पद्धतीने करावा. सगळी खिचडी करून दोन्हीचं पावित्र्य जातं.

> नेरूळची_सून: खिचडी नाही हो, किचडी. वर काकूंनी आत्ताच सांगितलं 😀

---

करावेगावचा_पाटील

ताई आम्ही आगरी, नेरूळला लागूनच गाव आमचं. तुमचा प्रश्न वाचून हसू आलं कारण आमच्या घरात हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी सुटतो. आमच्याकडे गौरी येते ना, तिला तिखटाचा नैवेद्य असतो. चिंबोऱ्या, मटण, तांदळाच्या भाकऱ्या, सगळं. आणि शेजारी गणपती बसलेला. मग काय करतो, गणपतीसमोर पडदा लावायचा, त्याचा मोदकाचा नैवेद्य आधी वेगळा, आणि मग गौरीचं पान. ती माहेरवाशीण आहे, तिला जे आवडतं ते द्यायला नको? आजी म्हणायची लेक माहेराला येऊन वरणभात खाऊन जाईल का.

म्हणजे देव घरात असताना घरात मासळी शिजलीच नाही पाहिजे असं काही सगळीकडे नाहीये. पण ही आमची रीत, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. तुमच्या आईची रीत वेगळी. तिच्या गणपतीसमोर उद्या तुम्ही पडदा लावून पापलेट तळलं तर ते आमच्यासारखं होणार नाही, ते फक्त तिला दुखवणं होईल. सासऱ्यांना सांगा गौरीपूजनाला १ सप्टेंबरला आमच्याकडे या, चिंबोरी खायला घालतो, खरंच सांगतोय.

---

मल्लू_मुंबईकर

मी मलयाळी, जन्म वाशीचा, शाळा मराठी मीडियम, त्यामुळे दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्लेला माणूस आहे, माझं ऐका.

तुमच्या सासऱ्यांचं बरोबर आहे. उत्तर केरळात, म्हणजे कन्नूर-कोळिक्कोडकडे, बऱ्याच घरी ओणमच्या पानावर मासे-चिकन असतंच, आणि दक्षिणेकडचे लोक ऐकून कानावर हात ठेवतात. म्हणजे हे भांडण मराठी विरुद्ध मलयाळी नाहीच, आमचं आमच्यातच आहे. पालक्काडच्या काकूंना विचारा त्यांच्या सासूला कन्नूरचं ओणम दाखवलं तर काय होईल 😀

पण सासऱ्यांना पटेल असा मुद्दा सांगतो. ओणमला आमच्याकडेही मातीचा देव बसवतात. तृक्काकरप्पन, चार बाजूंचा निमुळता, पिरॅमिडसारखा, फुलांच्या रांगोळीत ठेवतात, तो वामन. त्याला नैवेद्य अडेचा, ही प्रधमनातल्या अड्याहून वेगळी. तांदळाचं पीठ, गूळ, खोबरं, केळीच्या पानात दुमडून वाफवलेलं. आता तुमच्या पातोळ्या आठवा, तेच तांदळाचं पीठ, तेच गूळ-खोबरं, फक्त पान हळदीचं. आणि कोळुक्कट्टा म्हणजे तर बिनकळ्यांचा मोदक, गोल गोळा. बळी पण तोच. तुमच्याकडे दिवाळीतल्या पाडव्याला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात, आमच्याकडे तोच राजा ओणमला भेटायला येतो. मला लहानपणी वाटायचं बळीराजाला वर्षातून दोन सुट्ट्या मिळतात, एक केरळात, एक महाराष्ट्रात.

माशाचं प्रॅक्टिकल सोल्युशन असं. ओणम एका दिवसाचं नसतं. ४ ला उत्राडम म्हणजे पहिलं ओणम, ५ ला तिरुओणम, ६ ला तिसरं, ७ ला चतयम म्हणजे चौथं. ६ ला तुमचं विसर्जन. ७ ला रविवार, चौथं ओणम, देव गेलेले, घर मोकळं. त्या दिवशी सासऱ्यांचा मासा. त्यांना कुणी काही नाकारलं असंही होत नाही.

---

घंटाळीची_काकू

@मल्लू_मुंबईकर, बाकी सगळं छान पण ७ तारखेला खग्रास चंद्रग्रहण आहे रे. स्पर्श रात्री दहाच्या आसपास, म्हणजे वेध दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास लागतात. तिच्या आई वेध पाळणाऱ्या असतील तर दुपारनंतर जेवण बंद. आणि ८ पासून पितृपक्ष.

---

मल्लू_मुंबईकर

अयो. म्हणजे मासा सकाळी अकराला.

---

नेरूळची_सून

आई वेध पाळते 😭 पण बाबा पेशंट म्हणून त्यांना सूट. मी पंधरा मिनिटं एकटीच हसतेय. श्रावण, मग गणपती, मग ग्रहण, मग पितृपक्ष, मध्ये रविवारी सकाळची एक खिडकी. नवऱ्याने मोबाईलमध्ये रिमाइंडर लावलाय.

एक अजून, कांदा-लसूण? अम्मांच्या सांबारात छोटे कांदे असतात.

---

घंटाळीची_काकू

सद्येच्या जुन्या पद्धतीत कांदा-लसूण नाहीच, त्यामुळे तिथे तुला भांडायची गरज नाही. पण तिकडे उत्तरेला सांबारात खोबरं भाजून वाटतात आणि छोटे कांदे सर्रास पडतात. अम्मांना सांग कांद्याऐवजी भोपळा आणि शेवगा वाढवा. केळीची पानं आदल्या दिवशीच आण, गणपतीत भाव ऐकून चक्कर येते, मी जांभळी नाक्यावरून घेते, तुला वाशी जवळ. टोकाकडची घे, मधली फाटलेली गळ्यात मारतात.

आणि किचनचं. दोघींना एकाच दिवशी ओट्याशी उभं करू नकोस. आईला तू २७ चा दिवस पूर्ण दे, मोदक तिचे. ५ तारीख अम्मांची, आई त्या दिवशी पाहुणी. फक्त देवाचा नैवेद्य ती दाखवेल.

---

नेरूळची_सून
८ सप्टेंबर २०२५

झालं सगळं. विचारणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.

काकूंनी सांगितलं तसं केलं आणि ते पहिल्याच दिवशी मोडलं, कारण २७ ला अम्मा सकाळी साडेसातला हजर, म्हणे मी नुसती बघते. दहा मिनिटांत उकडीत हात. त्यांची उकड काय मळतात हो, एकही गुठळी नाही, पण कळ्या पडेनात. आईच्या मोदकाला एकोणीस कळ्या, अम्मांचे सगळे गुळगुळीत गोल. आई आधी काही बोलली नाही, मग म्हणाली, एकवीस मोदक देवाला जातील ते माझे, बाकी गोल असले तरी पोटात जाऊन तेच. अम्मांना मराठी कळतं, पण त्या मुद्दाम नाही कळलं असं दाखवून गोळे वळत राहिल्या. दोन चाळणी झाल्या, एक कळ्यांची, एक गोळ्यांची. नवऱ्याच्या भाच्याने गोळ्यांचीच संपवली.

ऋषीच्या भाजीची आयडिया जमली. अम्मांनी एक घास घेतला आणि विचारलं, दही घालायला विसरलीस का.

दारातल्या फुलांच्या रांगोळीला रोज एक वर्तुळ वाढत होतं आणि सोसायटीतल्या बायकांना वाटलं गणपतीची सजावट आहे, त्यांनी व्हॉट्सॅपवर फोटो टाकून आमचं कौतुक केलं. आम्ही कशाला खुलासा करतोय.

५ तारखेला नवऱ्याने सुट्टी टाकली. पाने चौदा, पदार्थ मोजले तर एकोणीस झाले, सद्येच्या सव्वीस पदार्थांच्या वाटेला आम्ही गेलो नाही. कालन आणि एरिश्शेरी गाळले कारण बर्नर नव्हते. चिप्स अय्यप्पा मंदिराकडच्या मलयाळी दुकानातून. प्रधमनचं पहिलं दूध गॅस बंद करूनच घातलं काकू, ओट्यावर चिठ्ठी चिकटवली होती. नैवेद्याच्या पानावर आईने अवियल, ओलन, परिप्पु, भात, पापड वाढले आणि बाजूला अडा आणि मोदक एकेक. मग तुळशीपत्र ठेवायच्या आधी थांबली आणि अम्मांना विचारलं, यात आणखी काही वाढायचं राहिलं का. अम्मा म्हणाल्या केळं. एवढंच. सात वर्षांत त्या दोघी एकमेकींशी 'कशा आहात' सोडून पहिल्यांदा काहीतरी बोलल्या.

आईला धक्का एकाच गोष्टीचा बसला. सासऱ्यांनी पानात प्रधमन घेतलं, त्यात केळं कुस्करलं, वर पापड चुरला आणि चार बोटांनी सगळं ओढून खाल्लं. ती माझ्याकडे बघतेय, मी छताकडे बघतेय. बाबांनी मात्र लगेच तसंच केलं आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं. जेवून झाल्यावर सगळ्या मलयाळी लोकांनी पान आपल्याकडे दुमडलं, आईने विचारलं हे काय, तर म्हणे जेवण आवडल्याची खूण. बाहेरच्या बाजूने दुमडतात ते दुःखाच्या प्रसंगी. मग तिने घाईघाईने तीनदा तपासून आपलं दुमडलं.

खोबरेलाचं तिला रात्री सांगितलं. म्हणाली, मला वास आला होता, पण म्हटलं तू केस धुतले असशील.

पाटीलदादा, सासरे खरंच तुमच्याकडे येणार होते, पण पाऊस आणि त्यांची कंबर. पुढच्या वेळी.

काल रविवारी पावणेअकराला मासा झाला. सुरमई, आठ तुकड्या. सासरे साडेदहापासून टेबलावर. आई बाल्कनीत चहा घेऊन बसली आणि आत आली नाही, पण मला हाक मारून म्हणाली, साडेबाराच्या आत आवरा हं त्यांचं. अम्मांनी जाताना मोदकपात्र मागून नेलं. आईने उरलेली पुळीइंजी मोरांब्याच्या बरणीत भरून नौपाड्याला नेली, रेसिपी नको म्हणाली, दरवर्षी तूच दे.

आत्ता नवरा पुढच्या वर्षीचं कॅलेंडर घेऊन बसलाय. गणपती १४ सप्टेंबरला. ओणम २६ ऑगस्टला, म्हणजे अधिक महिन्यामुळे भर श्रावणात. त्याने कॅलेंडर बंद करून ठेवलं.